तीन हजार, पाच हजार की दहा हजार? इंजिन ऑईलच्या आकड्याचा इतिहास

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. गाडी असेल तर पूर्ण वाचा. नसेल तर शेवटचा भाग तरी वाचा, तो आपल्या विहिरींचा आहे.

वाशिम, रिसोड, कारंजा, कुठल्याही गॅरेजसमोर उभं राहून एकच प्रश्न विचारून पाहा. गाडीचं ऑईल किती किलोमीटरला बदलायचं? मिस्त्री म्हणतील, तीन हजार. ऑईलचा दुकानदार म्हणेल, पाच. शोरूमवाला म्हणेल, दहा हजार किंवा एक वर्ष. पिकअपवाला म्हणेल, काळं झालं की बदलायचं. आणि ज्याची गाडी वर्षाला चार लग्नं आणि दोन दवाखाने एवढीच फिरते, तो म्हणेल, भाऊ, आपलं तर अजून कंपनीचंच आहे!

या पाचांपैकी कुणीही पूर्ण खोटं बोलत नाही. प्रत्येकाचा आकडा कधी ना कधी बरोबर होता. फक्त तो कोणत्या काळातल्या तेलासाठी, कोणत्या डिझेलसाठी आणि कोणत्या रस्त्यासाठी बरोबर होता, हे आपण विसरलो. म्हणून ही जुनी गोष्ट खोदून काढली.

विषय किरकोळ वाटेल, पण आपला जिल्हा नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला. आपल्याकडं पोरगा दहावी-बारावी झाला, शेतीत भागेना झालं, की फायनान्सवर पिकअप नाहीतर छोटा हत्ती घेतो. सोयाबीन बाजार समितीत, भाजीपाला आठवडी बाजारात, बस, यावर हप्ता. त्या गाडीचं इंजिन बसलं की रिंगा, पिस्टन, बोअर, क्रँक, मजुरी, आणि वर तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये. हप्ता काही थांबत नाही. अशा एका इंजिन कामानं गाडी फायनान्सवाल्याच्या यार्डात गेलेली माणसं मी या धंद्यात पाहिली आहेत. तेव्हा चारशे रुपये लिटरच्या तेलाचा हा प्रश्न पोटाचा आहे.

आता सुरुवात बैलबंडीपासून करू, कारण वंगणाचा हिशोब आपल्याकडं इंजिनच्या फार आधीपासून आहे.

बंडीच्या आसाला वंगण लागायचं, जुनी माणसं ओंगण म्हणतात. एरंडीच्या तेलात राख, काजळी कालवून केलेलं ते काळं लगदं बंडीखाली नळ्यात लटकवलेलं असायचं. ओंगण किती कोसाला द्यायचं? असा नियम नव्हता. चाक कुरकुरलं की द्यायचं, लांबचा बाजार असला की निघायच्या आधी द्यायचं. कान आणि अंदाज. हे सांगायचं कारण, आपली "काळं झालं की" किंवा "आवाज आला की" ही पद्धत थेट बंडीवरून जीपवर आलेली आहे. बंडीला ती चालायची. इंजिनला चालत नाही, कारण इंजिननं आवाज दिला तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं.

एरंडीवरून एक गंमत. चार्ल्स वेकफील्ड नावाच्या इंग्रज गृहस्थानं १८९९ मध्ये वंगण विकायची कंपनी काढली. सुरुवातीचं गिऱ्हाईक रेल्वे, म्हणजे वाफेची इंजिनं. पुढं मोटारी आणि विमानं आली, त्यांच्या इंजिनांसाठी त्यांनी तेलात एरंडेल मिसळलं आणि १९०९ मध्ये एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच मालाचं नाव ठेवलं, कॅस्ट्रॉल. पुढच्याच वर्षी हा माल हिंदुस्थानात आला. म्हणजे आमचे आजोबा जे बंडीला लावत होते, त्याचाच चुलतभाऊ डब्यात भरून बोटीनं मुंबईत उतरत होता!

वाफेच्या इंजिनाला ऑईल बदलायची भानगडच नव्हती. आपल्या कारंजावरून मूर्तिजापूर–यवतमाळ धावणारी शकुंतला आठवा. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं इंजिन १९९४ पर्यंत वाफेवर चाललं. तिच्या ड्रायव्हर-फायरमनच्या हातात लांब चोचीची तेलाची बुधली असायची. तेल घालायचं, ते झिजून, गळून, वाफेबरोबर निघून जायचं, परत घालायचं. जुनं काढून नवं टाकणं, हे काम पेट्रोल आणि डिझेलच्या इंजिनासोबत आलं. कारण या इंजिनात तेल बंद चेंबरमध्ये फिरत राहतं आणि जळणाचा सगळा मळ त्यातच येऊन पडतो.

सुरुवातीच्या मोटारींची अवस्था बघा. फोर्डची मॉडेल टी १९०८ ची. तिच्यात तेलाचा पंप नव्हता, फिल्टर नव्हता. फिरणारे भाग तेल उडवायचे, तेच सगळीकडं पोचायचं. तेलही साधं, शुद्ध केलेलं खनिज तेल, त्यात कसलंच रसायन नाही. त्यामुळं हजार मैल व्हायच्या आतच तेल काढून टाका, असा सल्ला असायचा. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीच्या तेलासाठी फिल्टर काढला, प्युरोलेटर. 'प्युअर', 'ऑईल' आणि 'लेटर' जोडून केलेलं नाव. फिल्टर आला, धूळ-धातूचा चुरा अडला, आकडा थोडा वाढला.

खरी उडी १९३० च्या दशकात बसली आणि ती डिझेलमुळं बसली. कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांत पिस्टनच्या रिंगा काजळीनं चिकटून बसायला लागल्या. साधं तेल काजळी धुऊ शकत नव्हतं. मग तेल कंपन्यांनी तेलात साबणासारखं काम करणारी रसायनं घातली, डिटर्जंट. हे तेल काजळी पिस्टनवर बसू देत नाही, आपल्यात धरून ठेवतं आणि बदलताना सोबत घेऊन जातं.

इथं जरा थांबा. आपल्या गावागावातला सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. तेल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं आपण धरून चालतो. धुण्याचं पाणी काळं झालं तर आपण साबणाला शिव्या देतो का? डिझेल गाडीत नवं तेल टाकलं तरी दोन-चारशे किलोमीटरमध्ये ते काळंकुट्ट होतं. ते काम करतंय म्हणून. उलट जुन्या इंजिनात तेल हजार-दीड हजार किलोमीटरनंतरही पिवळंधमक दिसत असेल, तर तेल डब्यावर लिहिलंय तसं आहे का, याची मला आधी शंका येईल. पेट्रोल गाडीत गोष्ट वेगळी, तिथं काळं व्हायला वेळ लागतो. पण रंगावरून निकाल दोन्हीकडं देता येत नाही.

तर डिटर्जंट आला, दुसऱ्या महायुद्धानंतर तो सगळीकडं पसरला, थंडीत पातळ आणि गरमीत पुरेसं घट्ट राहणारी मल्टिग्रेड तेलं आली. अमेरिकेत हळूहळू तीन हजार मैल हा आकडा रूढ झाला. तीन हजार मैल म्हणजे चार हजार आठशे किलोमीटर. आपला "पाच हजार" त्याच्या शेजारीच बसतो.

आता आपल्याकडं या. स्वातंत्र्यानंतर रस्त्यावर होत्या विलीज जीप, अँबेसेडर, फियाट, बेडफोर्ड आणि टाटाचे ट्रक. तेल विकणाऱ्या कंपन्या परदेशी: बर्मा शेल, एस्सो, कॅल्टेक्स. सत्तरच्या दशकात चित्र पालटलं. इंडियन ऑईलनं १९७२ मध्ये सर्वो बाजारात आणलं. १९७४ मध्ये एस्सो सरकारकडं आली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, बर्मा शेलचं १९७६ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन पुढं भारत पेट्रोलियम झालं. ट्रकवाल्याला कोणतं का असेना, तेल मिळालं पाहिजे होतं. आणि मिळायचं ते बहुतेक एकाच ग्रेडचं, चाळीस नंबर. पुढं ट्वेंटी-फॉर्टी आलं आणि आपल्याकडं इतकं रुजलं की आजही दुकानात गाडीचं नाव न सांगता माणूस म्हणतो, एक ट्वेंटी-फॉर्टी दे.

याच काळात एसटीनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. विदर्भात आधी प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्टच्या गाड्या होत्या, राज्य पुनर्रचनेनंतर १९६१ मध्ये सगळं आजच्या महामंडळात आलं. आपल्याकडं वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड असे चार आगार, विभाग अकोला. एसटीत "मला वाटतं आता बदलावं" हा प्रकार नसतो. प्रत्येक गाडीचे किलोमीटर रोज लिहिले जातात, त्यावरून तिची देखभाल ठरते. हजारो गाड्या, वेगवेगळे ड्रायव्हर, घाटाचे आणि सपाटीचे रस्ते, अंदाजावर चालवायचं म्हटलं तर महामंडळ महिन्यात बसलं असतं. एसटीच्या आजच्या अवस्थेवर मी भरपूर लिहिलंय, पुढंही लिहीन. पण नोंद ठेवायची ही शिस्त आपल्या खासगी गाडीवाल्यांनी उचलली असती, तर निम्मी इंजिनं वाचली असती.

कारण खासगीत चाललं होतं ते मिस्त्रीच्या बोटावर. तेलाचा थेंब अंगठा आणि बोटात चोळायचा, चिकटपणा बघायचा, वास घ्यायचा, निकाल द्यायचा. यात खोट काढायची नाही. तीन हजारांचा आकडा त्या काळच्या मिस्त्रींनी अनुभवातून काढला आणि त्या डिझेलला तो बरोबर होता.

त्या डिझेलला, हा शब्द महत्त्वाचा. आपण तेलाचं बोलतो, डिझेलमधल्या गंधकाचं कुणी बोलत नाही.

गंधक जळलं, पाणी मिळालं की आम्ल तयार होतं. ते आम्ल थोडं थोडं चेंबरमधल्या तेलात उतरतं. तेलात ते मारायचं औषध घातलेलं असतं, पण ते मोजकं. औषध संपलं की आम्ल बेअरिंग आणि लायनर खायला लागतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या देशात डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधकाला परवानगी होती. नंतर मर्यादा उतरत गेली. बीएस-२ ला दहा लाखात ५०० भाग, २०१० मध्ये देशभर बीएस-३ आलं तेव्हा ३५०, २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस-४, ५० भाग. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, फक्त १० भाग.

नुसते आकडे डोक्यावरून जातात, म्हणून हिशोब करून पाहिला. लिटरला बारा किलोमीटर देणारी जीप धरा. पाच हजार किलोमीटरला तिला साधारण ४१७ लिटर डिझेल लागतं, वजनात साडेतीनशे किलो. जुन्या मर्यादेनं, म्हणजे १ टक्क्यानं, त्यात साडेतीन किलो गंधक असू शकत होतं. आजच्या मर्यादेनं? साडेतीन ग्रॅम. किलोचं ग्रॅम झालं. बहुतेक गंधक धुरातून बाहेर जायचं हे खरं, पण जे तेलात उतरायचं तेही त्याच प्रमाणात कमी झालं.

म्हणजे १९९२ साली मालेगाव–मेडशी रस्त्यावर काळी-पिवळी कमांडर चालवणाऱ्याला मिस्त्रीनं तीन हजार सांगितलं असेल, तर त्यानं त्याचं इंजिन वाचवलं. तोच आकडा आज नव्या गाडीवाल्याला सांगितला, तर त्याचे पैसे वाया घालवले. मिस्त्री तोच, आकडा तोच. बदललं ते डिझेल.

दुचाकीची कथा थोडक्यात. राजदूत, लूना यांना पेट्रोलमध्येच ऑईल टाकायचं, ते जळून जायचं. इंजिनचं ऑईल बदलणं हा प्रकार खेड्यात खऱ्या अर्थानं पोचवला १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी हंड्रेडनं. तिची जाहिरात आठवते? 'फिल इट, शट इट, फरगेट इट'. सांगायचं होतं पेट्रोलबद्दल, आपल्या लोकांनी ऑईलपण फरगेट केलं! चेंबरमध्ये लिटरभरही तेल नाही, कारसारखा कागदी फिल्टर नाही, वर तीन माणसं आणि खताचं पोतं. पेट्रोलचा वास आणि ॲव्हरेज सगळे बघायचे, पट्टी काढून ऑईलची पातळी कुणी बघायचं नाही. या बाबतीत पुढची पिढी सुधारली असं म्हणायला मी तयार नाही.

नव्वदच्या दशकात तेलाचा बाजार खुला झाला. परदेशी नावं परत आली, नवी आली. पेट्रोल पंप सरकारी कंपन्यांचे, तिथं खासगी माल ठेवत नसत, म्हणून खासगी कंपन्यांनी स्पेअर पार्टच्या दुकानांचा आणि गॅरेजचा रस्ता धरला. आपल्या अकोला नाक्यापासून ते तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत दुकानांच्या पाट्या रंगल्या त्या याच काळात. मिस्त्री हा कंपन्यांसाठी डॉक्टरसारखा झाला, तो लिहून देईल ते गिऱ्हाईक घेणार. मग डब्यात कूपन, कूपनवर रोख रक्कम नाहीतर भेटवस्तू, वर्षाला सहल. मी कुणाही मिस्त्रीला चोर म्हणत नाही, त्यांच्या मजुरीवर घर चालत नाही हे मला माहीत आहे. पण जो आकडा सांगतो, त्यालाच प्रत्येक डब्यामागं काही मिळत असेल, तर तो आकडा खाली राहील की वर जाईल, तुम्हीच सांगा.

हे फक्त आपल्याकडंच नाही बरं. अमेरिकेत झटपट ऑईल बदलून देणाऱ्या दुकानांनी काचेवर तीन हजार मैलांचं स्टिकर चिकटवायची प्रथा पाडली. गाड्या बदलल्या, तेल बदललं, स्टिकर तेच. शेवटी कॅलिफोर्नियाच्या सरकारी कचरा-पुनर्वापर खात्यालाच मोहीम काढावी लागली, की बाबांनो, तीन हजार विसरा, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघा. सरकारला त्यात रस का? कारण गरज नसताना काढलेलं प्रत्येक लिटर तेल कुठं तरी टाकावं लागतं.

मग आता शोरूमवाल्याचा दहा हजार डोळे झाकून धरायचा का? इथं माझं मत ऐका, आणि पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा.

दहा हजार हा आकडा हवेतून आलेला नाही. पेट्रोल गाडीत पूर्वी कार्ब्युरेटर होता. थंडीत चोक ओढला की कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरायचं, तेल पातळ व्हायचं. २००० च्या आसपास इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि ही धुलाई जवळजवळ थांबली. तेलाचा पाया सुधारला, सिंथेटिक आलं, इंधन स्वच्छ झालं, इंजिनचं मशिनिंग नेमकं झालं. कंपनीनं चाचण्या करूनच वॉरंटीच्या कागदावर तो आकडा लिहिलाय.

पण मॅन्युअलमध्ये तो आकडा एकटा नसतो. पुढं कुठंतरी बारीक अक्षरात दुसरा तक्ता असतो, 'कठीण परिस्थितीत वापर'. त्यात काय असतं? धुळीचा रस्ता. वारंवार चार-पाच किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या. तासन् तास उभ्या गाडीत इंजिन चालू. जास्त ओझं, ट्रॉली ओढणं. खूप गरमी. वाचा आणि सांगा, हे मानोऱ्याच्या पिकअपचं वर्णन आहे की नाही! या तक्त्यात मुदत बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास आणलेली असते. शोरूमवाला पहिला तक्ता दाखवतो, कारण गाडी विकताना "देखभाल कमी" हे सांगायचं असतं. मिस्त्री दुसरा सांगतो, पण तक्ता न बघता आणि सगळ्यांना सारखाच.

आपल्या जिल्ह्यात दोन गाड्यांचं आयुष्य किती वेगळं असू शकतं बघा. एक गाडी शेलूबाजारवरून समृद्धीला लागते आणि नागपूरपर्यंत एका लयीत जाते. इंजिन पूर्ण तापतं, तेलातलं पाणी उडून जातं, धूळ जवळपास नाही. हिला दहा हजार खुशाल चालेल. दुसरी तेवढेच किलोमीटर गावातल्या गावात फिरते. घर ते शाळा, शाळा ते बाजार. इंजिन तापायच्या आत बंद. तेलात पाणी साचतं, पेट्रोल साचतं. पावसाळ्यात तर झाकण उघडून बघा, आतून साय धरलेली दिसेल, दुधासारखी. किलोमीटर भरले नाहीत म्हणून हिच्या तेलाला तीन वर्षं हात लावायचा नाही, हे चूक आहे. म्हणूनच मॅन्युअलमध्ये "किंवा बारा महिने, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. कमी फिरणाऱ्यांनी हे वाक्य अधोरेखित करून ठेवा.

ट्रॅक्टरला तर किलोमीटर लावायचेच नाहीत, तिथं तास. मीटरवर तास असतात, बहुतेक जुन्या-मध्यम मॉडेलना २५० तासांच्या आसपास सांगितलेलं असतं, आपल्या पुस्तकातला आकडा बघा. आपल्याकडं अडचण सुगीची. सोयाबीन काढणीत हडंबा लावला की ट्रॅक्टर जागेवर उभा राहून दिवस-दिवस चालतो, आणि भोवती भुशाची धूळ इतकी की ड्रायव्हरचं तोंड दिसत नाही. तेल बदलायच्या गोष्टी आपण करतो, पण त्या पंधरा दिवसांत एअर क्लीनर रोज बघितला नाही तर नवं तेल टाकूनही उपयोग नाही. माती वरून आत जाणार आणि तेलात मिसळून रेतीकागदासारखी घासणार.

बीएस-६ डिझेलवाल्यांनो, तुमच्यासाठी नवा त्रास आहे, जो तुमच्या जुन्या मिस्त्रीला कदाचित माहीत नसेल. बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसवलाय, डीपीएफ. तो भरला की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तो आतल्या आत जाळून साफ करतं. त्यासाठी काही वेळ सलग, तापलेली धाव लागते. गावातल्या गावात गाडी फिरली, साफसफाई अर्धवट राहिली, की ते जास्तीचं डिझेल तेलात उतरतं. परिणाम उलटा दिसतो, पट्टीवर तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं! आपल्याकडं यावर "बरं झालं, टाकायची गरज नाही" असं म्हणणारे भेटतील. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली तर किलोमीटर बघू नका, लगेच दाखवा. आणि या गाड्यांना कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये नाव दिलेलंच तेल लागतं. स्वस्त ट्वेंटी-फॉर्टी टाकलं तर त्याची राख त्या फिल्टरमध्ये साचते, आणि त्या फिल्टरची किंमत विचारून या म्हणजे कळेल.

एवढं सगळं सांगून माझा साधा आग्रह एकच. तेल बदलल्याची तारीख, मीटरचा आकडा आणि तेलाचा ग्रेड डायरीत लिहा, पक्कं बिल घ्या. दर रविवारी सपाट जागी गाडी उभी करून पट्टी बघा, दोन मिनिटं लागतात. जुन्या तेलापेक्षा कमी तेलानं मेलेली इंजिनं मी जास्त पाहिली आहेत. जुनं पिवळं-काळं डिझेल इंजिन अजून चालवत असाल तर पाच हजारांच्या वर जाऊ नका, ते काजळी जास्त करतं. बाकीच्यांनी मॅन्युअल काढा आणि आपला तक्ता पहिला की दुसरा, हे प्रामाणिकपणे ठरवा.

आता तो शेवटचा भाग.

काढलेलं काळं तेल जातं कुठं? तुमच्या गावातली दृश्यं आठवा. सेंट्रिंगच्या प्लेटांना पुसायला. गोठ्याच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून. दाराच्या कडीला, नांगराच्या फाळाला. उरलेलं गॅरेजमागच्या नालीत, आणि पावसाळ्यात नालीतून नाल्यात. जुन्या तेलात धातूचा चुरा आणि जळण्यातून तयार झालेली विषारी द्रव्यं असतात. हातानं रोज हाताळणाऱ्यांच्या कातडीला त्याचा धोका आहे, तरी आपली पोरं गॅरेजमध्ये उघड्या हातांनी त्यातच काम करतात. एका गाडीतून काढलेलं तेल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर कुठं कुठं लागतात, हे मी वेगळं सांगायला नको.

उरलेल्या तेलाचा दुसरा रस्ता भंगारवाल्याचा. काही तेल नोंदणी असलेल्या कारखान्यात जाऊन नीट शुद्ध होतं, ती चांगलीच गोष्ट. काही नुसतं गाळून, रंगवून, नामांकित कंपनीच्या जुन्या डब्यात भरून परत आपल्याच गाडीत येतं. म्हणून रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी फोडा, लेबल फाडा. भेसळीचा हा रोग इतका जुना आहे की वंगणाच्या प्रक्रिया आणि विक्रीवर नियंत्रणासाठी केंद्राला १९८७ मध्येच जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली वेगळा आदेश काढावा लागला होता.

कायदे भरपूर आहेत. १९८९ च्या घातक कचऱ्याच्या नियमांपासून वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलं जातं. २०१६ च्या नियमांनी ते फक्त नोंदणी असलेल्यालाच द्यायचं सांगितलं. आणि २०२३ च्या दुरुस्तीनं, १ एप्रिल २०२४ पासून, तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच जबाबदारी टाकली की विकलेल्या तेलाचा ठरलेला हिस्सा परत गोळा होऊन शुद्ध झाला पाहिजे. पहिल्या वर्षी हिस्सा ५ टक्के, पुढं तो वाढत जाणार. दिल्लीतला कागद इतका स्वच्छ आहे. गॅरेजमागची नाली बघितली की तो कागद वाशिमपर्यंत आला का, हा प्रश्न पडतो.

पुढची पोस्ट यावरच करायची आहे, त्यासाठी तुमची मदत हवी. तुमच्या गावात, तालुक्यात काळं तेल कोण घेऊन जातं, लिटरमागं काय देतं, पावती देतं का, आणि न नेलेलं तेल कुठं टाकलं जातं, हे इनबॉक्समध्ये कळवा. गॅरेजवाल्या भाऊंनीही लिहा, नाव येणार नाही. फोटो असेल तर जागा आणि तारीख सोबत टाका.